दोघांनी बुजवलेलं दार

१८ जानेवारी

विहीणबाईंना,

नमस्कार. पत्र आधी खिडकीबाहेर धरून झटका आणि मगच वाचायला घ्या. कागद मी कोरा घेतला होता हो, पण या घरात सध्या कोरं काही राहत नाही. चहात धूळ, अंथरुणात धूळ. माझ्या चष्म्यावर तर नात बोटानं चित्रं काढते.

आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत पडली. घाबरू नका, पाडली. तुमच्या लेकीनं पाडली. ओल फार चढली होती म्हणून गिलावा खरवडायला बसली, तर विटांमधली माती भसाभसा खाली आली. सगळी भिंत नुसत्या मातीत रचलेली! बोट घातलं तर आरपार. ही भिंत आमच्या ह्यांनी तरुणपणी चार मित्र बोलावून बांधली होती. त्या चौघांपैकी एकालाही बांधकाम येत नव्हतं, पण गाणी मात्र सगळ्यांना येत होती. इतकी वर्षं ती भिंत गाण्यावरच उभी होती म्हणायची.

पोरगा म्हणाला, "गवंडी बोलावू." त्यावर तुमची लेक म्हणते कशी, "गवंड्यानं 'उद्या येतो' म्हटलं तेव्हा आपली पोरगी रांगत होती. आता ती शाळेत जाते. आपणच बांधू." आणि खरंच, बसली की हो फोन घेऊन! फोनवर माणसं भिंती बांधताना दिसतात, ती बघायची आणि हवेत हात फिरवायची. मला वाटलं, पोरीला काही झालं.

छपराला खालून लोखंडी टेकू दिलेत. भिंतीच्या जागी प्लास्टिकचा कागद आहे. परवा एक अनोळखी मांजर त्यातून आलं, दूध प्यालं, आमच्याकडे 'काय हे घर' अशा नजरेनं बघितलं आणि निघून गेलं.

पण खरी बातमी पुढेच आहे. भिंत नवी बांधायचीच आहे, तर तिच्यामागच्या मोकळ्या जागेत एक खोलीही काढायची ठरली आहे. मी विचारलं, कशाला गं? तर म्हणाली, "अडगळीला." बरं बाई, अडगळीला तर अडगळीला.

फोनवर तुम्ही 'हो' आणि 'बरं' यांच्यापुढे जात नाही, म्हणून लिहितेय. आणि तुम्ही दोघी मायलेकी तर फोनवरसुद्धा बोलत नाही, म्हणून जास्तच लिहितेय. तुमचे मालक गेल्यावर ती तुम्हाला इकडे आणायला आली होती, तेव्हा काय झालं ते मला एका बाजूनंच कळलंय. तिनं न विचारता तुमचं सगळं सामान बांधलं. तुम्ही एकेक गाठोडं सोडलंत आणि म्हणालात, "मी काय पार्सल आहे?" ती म्हणाली, "मग राहा एकटी." आणि रिकामी गाडी घेऊन परत आली. त्यालाही बरेच दिवस झाले. मी मध्ये पडत नाही. मी फक्त भिंतीचं सांगतेय.

तुमची,
विहीण

५ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं उत्तर नाही, पण मी उत्तरासाठी थांबणारी बाई नव्हे. आमचे हे म्हणायचे, हिला बोलायला माणूस लागत नाही, भोवतीची हवा पुरते.

भिंत चढायला लागली बरं का! पहिली उभी केली ती पोटातून अशी पुढे आली होती, जसा काही जेवून उठलेला माणूस. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच टाकून बघायला आला आणि म्हणाला, "वहिनी, भिंत चांगली आहे, फक्त तिला बसायला खुर्ची द्या." तुमच्या लेकीनं सगळी पाडली, विटा धुतल्या आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं सुरुवात. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. अगदी तुमच्यासारखं तोंड करते हो ती. ओठ आत आणि हनुवटी वर.

आता ओळंबा आणलाय. दोरीला बांधलेला तो लोखंडी गोळा मला फार आवडला. वरून सोडला की डुलतो, डुलतो आणि मग गप्प उभा राहतो, आणि आपण कुठे चुकलो ते न बोलता दाखवतो. घरात असं एखादं माणूस हवं होतं. आमच्या घरात सगळी बोलणारीच.

पोराची बस दुपारपासून रात्रीपर्यंत, तुमच्या लेकीचा दवाखाना सकाळपासून दुपारपर्यंत. म्हणून तो सकाळी बांधतो आणि ती संध्याकाळी. मला पाणी मारायचं काम दिलंय. नवी भिंत ओली ठेवावी लागते, नाहीतर सिमेंट कच्चं राहतं. तर मी दिवसभर गोणपाटं भिजवते, भिंतीवर पांघरते आणि तिच्याशी गप्पा मारते. भिंत म्हणजे चांगली श्रोती.

खोली केवढी करायची ते ठरवताना तुमच्या लेकीनं जमिनीवर एक खाट खडूनं आखली. मी म्हटलं, "अडगळीला खाट?" तर म्हणाली, "ट्रंका ठेवायला." मग खिडकी आखली. तीसुद्धा खाली, बसलेल्या माणसाला गल्ली दिसेल अशी. आता तुम्हीच सांगा विहीणबाई, ट्रंकांना कधीपासून बाहेर बघायला लागतं? मी काही बोलले नाही. मी तशी कमी बोलते.

तूर्त नवरा-बायकोत अबोला आहे. कारण काय, तर दार. स्वयंपाकघरातून त्या खोलीत जायचं दार कुठे ठेवायचं? तो म्हणतो नळाकडे. ती म्हणते फडताळाकडे.

"नळाकडे दार म्हणजे येणारं-जाणारं माणूस ओल्यावर पाय देऊन आपटेल!"

"आणि फडताळाकडे म्हणजे शेगडीला ढकलून जायचं का?"

"बस चालवता ना तुम्ही? मग एवढं वळण घेता येत नाही?"

"बसला आरसे असतात. तुझ्या शेगडीला कुठे आहेत?"

एवढं झालं आणि दोघं गप्प. मी म्हटलं, तंटा मिटेपर्यंत दोन्हीकडे दाराएवढी जागा सोडून बांधत राहा. तसं चाललंय. भिंत कमरेपर्यंत आली आहे आणि तिला दोन फटी आहेत, पुढचे दोन दात पडलेल्या पोरासारख्या. सामान आणायला गल्लीकडून वेगळी वाट ठेवलीय, ती नंतर बुजवायची आहे.

तुम्ही रात्री दार नीट लावता ना? एकट्या माणसाला ते बघावं लागतं. सहज विचारलं.

विहीण

१४ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र आलं! मी ते तीनदा वाचलं, म्हणजे अक्षर वाईट होतं म्हणून नव्हे. तुम्ही शिकलेल्या, तुमचं अक्षर दाणेदार. माझ्याच डोळ्यांना दाणे टिपायला वेळ लागतो.

तुम्ही साफ लिहिलंत ते बरं केलंत. "तुमच्या खाटेचा आणि खिडकीचा अर्थ मला कळला. पण लेकी-जावयाच्या घरात कोपरा धरून बसणं मला जमणार नाही. माझं दार माझ्या हातानं लावून झोपायची मला सवय आहे." वाचून मला राग नाही आला. उलट वाटलं, ही बाई माझ्या जातकुळीची आहे.

पण ज्या दिवशी तुमचं पत्र आलं त्याच दिवशी इथे जे झालं ते ऐका. हसून पोट दुखेल.

सकाळी तुमची लेक कामावर गेली. पोरगा उठला, शीळ घालत सिमेंट-वाळूचा मसाला कालवला आणि नळाकडची फट, स्वतःच्या हट्टाची फट, विटांनी बुजवून टाकली. मी म्हटलं, "अरे?" तर म्हणाला, "आई, तिच्या मनासारखं होऊ दे. फडताळाकडे तर फडताळाकडे. पण तू सांगायचं नाहीस हं, माझी शपथ. उद्या मीच दाखवीन." मी गोणपाटं पांघरली आणि गप्प बसले.

संध्याकाळी ती आली. दिवा फडताळाकडच्या कोपऱ्यात टांगलेला, नळाची बाजू अंधारात आणि गोणपाटाखाली. पदर खोचला आणि बसली की फडताळाकडची फट बुजवायला! मी म्हटलं, "अगं?" तर म्हणाली (नातीचं ऐकून तीही मला आजीच म्हणते), "आजी, जाऊ द्या. रात्रीपर्यंत बस चालवून येतो तो, त्याच्याशी दारावरून काय भांडायचं. नळाकडेच असू दे. पण सांगू नका हं, तुम्हाला माझी शपथ."

आता सांगा, दोन शपथांच्या मध्ये मी म्हातारी काय करणार? तोंड उघडलं तर एक तरी शपथ मोडते. मी त्याही विटा भिजवल्या, गोणपाट पांघरलं आणि जाऊन झोपले. झोप मात्र फार छान लागली.

सकाळी दोघं उठून उभी. एकमेकांचा चेहरा बघायचा होता ना! तिनं नळाकडचं गोणपाट ओढलं आणि म्हणाली, "घ्या तुमचं दा..." समोर भिंत. त्यानं फडताळाकडचं ओढलं. तिथेही भिंत. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सरळ अखंड भिंत, आणि ओळंब्यात म्हणाल तर आजवरची सगळ्यात चांगली.

गल्लीतून न्हावी म्हणाला, "वहिनी, आत जायला शिडी लावणार का?"

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. "आई, तुला माहीत होतं?" "आजी, तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, "मी शपथेत होते."

हसली हो दोघं! अबोला कुठल्या कुठे गेला. ती तर जमिनीवरच बसली. हट्टापायी घरं मोडलेली मी पुष्कळ पाहिलीत, समजूतदारपणापायी दार बुजलेलं पहिल्यांदाच पाहिलं. मग पोरानं हातोडी उचलली आणि म्हणाला, "सांग, कुठली फोडू?" ती म्हणाली, "तुम्ही सांगा." तो म्हणाला, "नाही, तू सांग." म्हटलं झालं, परत सुरू!

तेव्हा मी म्हणाले, "कुठलीच फोडू नका."

"म्हणजे?"

"गल्लीकडून वाट आहे ना, तिथेच चांगलं दार बसवा. आतून भक्कम कडी लावा."

पोरगा म्हणाला, "आई, अडगळीला आतून कडी? ट्रंका लावणार का ती?"

मी तुमच्या लेकीकडे बघत म्हणाले, "तिच्या आईनं लिहिलंय, स्वतःचं दार स्वतःच्या हातानं लावून झोपायची सवय आहे म्हणून."

हसणं थांबलं. ती जमिनीवरून उठली. मग म्हणाली, "मला का नाही लिहिलं तिनं?"

"तू विचारलंस का कधी? तू सामान बांधतेस."

लागलं असेल तिला. पण सासूनं लावून बोलायचं नाही तर कुणी? ती तशीच कामावर गेली. संध्याकाळी आली, चहासुद्धा न घेता मसाला कालवला आणि सगळ्या भिंतीवर, दोन्ही बुजलेल्या दारांवरून, विटांची एक अखंड ओळ घातली. तेव्हा मला कळलं की ठरलं.

तर विहीणबाई, लेकीच्या घरात कोपरा धरायचा प्रश्नच उरला नाही. आमच्या घरातून त्या खोलीत जाताच येत नाही! तुम्ही आलात तर आमच्या शेजारीण म्हणून याल. शेजारणीला कोण काय म्हणतं?

विहीण

२० मार्च

विहीणबाई,

खोली झाली. उगाच खोटं कशाला सांगू, जमीन गल्लीकडे जरा उतरती आहे. नातीनं चेंडू ठेवला तर तो आपणहून दारापर्यंत गेला. पोरगा खजील झाला, पण मी म्हटलं, पाणी सांडलं तर पुसायला नको, ही सोयच झाली. खिडकी बसवताना एकदा उलटी बसली, बाहेर उघडायची ती आत उघडायला लागली. ती काढताना चौकटीचा टवका उडाला. तो टवका तुमच्या लेकीनं खाचा बुजवायची लांबी भरून असा काही सारखा केलाय की सांगितल्याशिवाय दिसणार नाही, आणि मी सांगितलं.

रंगाचं तिनं मला विचारलं, "आजी, तिला कुठला आवडेल?" नाव न घेता 'तिला' म्हणाली. मी म्हटलं, मला काय माहीत, आई तुझी. तर डबे पुढे ठेवून बसून राहिली. शेवटी फिकट पिवळा लावलाय. बरोबर आहे का ते तुम्हीच बघून सांगा.

राहायला या असं मी म्हणतच नाही. बघायला या. खोली बांधून कुणाला दाखवली नाही तर बांधणाऱ्याच्या हाताची खाज जात नाही. आणि खरं सांगू का, मलाही कुणीतरी हवं आहे. या घरात सगळी तरुण आहेत, मी 'आमच्या वेळी' म्हटलं की त्यांचे डोळे झाकतात. तुम्ही निदान वादाला तरी उभ्या राहाल.

विहीण

११ एप्रिल

विहीणबाई,

पोचल्या असाल. गाडीत बसायला जागा मिळाली का?

तुम्ही होतात तेवढे दिवस कसे गेले ते कळलं नाही. सकाळी उठून, कडी काढून, पेला हातात घेऊन गल्लीतून वळसा घालून आमच्याकडे चहाला यायच्यात. न्हावी तुम्हाला बघून खुर्ची आडवी सरकवायचा आणि 'काकू, सरकारी रस्ता मोकळा आहे' म्हणायचा. काल तो विचारत होता, काकू कधी येणार? मी म्हटलं, मला विचारू नकोस, मी शपथेत आहे. आता कुठलीच शपथ नाही, पण सवय लागली.

तुम्ही मायलेकी बोललात म्हणजे काय बोललात, तर गिलाव्यावर. मी ऐकत होते.

"इथे पोकळ वाजतंय."

"वाजू दे."

"पाणी कमी पडलं असेल."

"पाणी आजींनी मारलंय."

त्यावर तुम्ही दोघींनी मिळून माझ्याकडे बघितलंत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुमचं एकमत झालं, तेही माझ्याविरुद्ध! मला आनंदच झाला. पण तेवढ्यावर तुम्ही थांबलात. रंगाबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, आणि ती वाट बघत होती.

एक मात्र माझ्या लक्षात आलं. चहा उकळला की ती भिंतीवर दोनदा ठोकायची आणि पलीकडून तुम्ही एकदा ठोकायच्यात. बोलायला तोंड उघडत नाही, पण विटा मध्ये घातल्या की सगळं नीट!

तुम्ही निघालात तेव्हा राहणार की नाही हे बोलला नाहीत. 'बघते' म्हणालात. ती दारात आली नाही, म्हणून तुम्ही जरा खट्टू झालात, मला दिसलं. ती कामात नव्हती हो. स्वयंपाकघरात भिंतीला हात लावून उभी होती. आज सकाळी चहा झाला, तिनं ठोकायला हात उचलला, मग आठवलं, आणि तिथे धूळ असल्यासारखी भिंत पदरानं पुसली. धूळ नव्हती. तिथे मी रोज पुसते.

मी मध्ये पडत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण अशी भिंत किती दिवस पुसायची?

विहीण

२ मे

विहीणबाई,

तुमचं पत्र आज दुपारी आलं. एवढंसं पत्र आणि पाठवायला एवढे दिवस! "रंग बरोबर आहे. भिंतीत दार पाडून घ्या, रोज रस्त्यावरून चहाला यायला मी काय टपाल आहे? कडी माझ्या बाजूला. महिनाअखेर सामान घेऊन येते. सामान मी स्वतः बांधीन."

मी ते मोठ्यानं वाचलं. म्हणजे आधी मनात वाचलं, डोळे पुसले, मग मोठ्यानं वाचलं. पोरगा म्हणाला, "कडी त्यांच्या बाजूला? म्हणजे आम्हाला वाटेल तेव्हा नाही जाता येणार?" मी म्हटलं, "ठोकून जायचं. माणसाच्या घरी तसंच जातात."

तुमच्या लेकीनं पत्र माझ्या हातातून घेतलं, रंगाची ओळ पुन्हा वाचली आणि पहिलं काय केलं असेल, तर भिंतीवरच्या फळीवरची भांडी उतरवायला लागली. पातेली, डबे, झाकणं, सगळं माझ्या खाटेवर आणून रचलं. आता मी बसू कुठे, याचा विचार नाही. हे पत्र मी पिठाच्या डब्यावर बसून लिहितेय. पोरगा चौकट आणायला गेलाय. भिंत फुटणार, पुन्हा धूळ होणार, आणि माझा चष्मा नातीच्या ताब्यात जाणार. होऊ दे.

मघाशी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "आजी, ती चहात साखर घेते का हो अजून?" मी सांगणार होते. जीभ अगदी टोकापर्यंत आली होती. पण गिळलं आणि पेन तिच्या हातात दिलं. म्हटलं, "मला काय विचारतेस? इथे जागा आहे, लिही."

बराच वेळ पेन धरून बसली होती. खाली लिहिलंय ते तिच्या हातचं.

*आई, उद्या भिंत फोडतो आहोत. दाराला उंबरा ठेवत नाही, जमीन सपाट ठेवते. तू गल्लीतून येताना डावा पाय उचलत नव्हतीस, ते मी बघितलं. साखर किती ते कळव. मी आणायला येऊ का? सामानाला हात लावणार नाही.*

विहीणबाई, तिनं वर काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही. उंबऱ्याचं मात्र तिचं बरोबर आहे.